सगळ्यांचं गाव कोणतं?

खरपुडे सरांच्या स्मृतिग्रंथासाठी मी आधी एक लेख पाठवला होता. चार पानांचा. त्यात सर 'व्यासंगी' होते, 'ऋषितुल्य' होते, 'लोकाभिमुख' होते आणि दोन ठिकाणी 'दीपस्तंभ' होते. जालना जिल्ह्यापासून समुद्र किती लांब आहे, हे लिहिताना माझ्या ध्यानात राहिलं नाही.

चौथ्या दिवशी संपादकांचा फोन आला. संपादक म्हणजे प्रा. सुनंदा वाहुळे, विद्यापीठातल्या मराठी विभागाच्या प्रमुख. तीसेक वर्षांपूर्वी जालन्याच्या कॉलेजात आम्ही एम.ए.ला एका वर्गात होतो. सरांच्या त्या वर्गातले आम्ही अकरा जण अजूनही एकमेकांना नावानं हाक मारत नाही, गावानं मारतो. का, ते पुढे येईलच.

"बदनापूर, लेख वाचला तुमचा," त्या म्हणाल्या.

"कसा काय वाटला?"

"बरा आहे की. नुसतं सरांचं नाव खोडलं तर पुढच्या महिन्यात रिटायर होणाऱ्या आमच्या कुलसचिवांना बराबर बसतो."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"आणि तिसऱ्या पानावर हे काय? 'काही अप्रिय प्रसंगांना सर धीरोदात्तपणे सामोरे गेले.' कोणते प्रसंग?"

"आता ते काय लिहायचं. सगळ्यांना माहीत आहे."

पलीकडे कागद मिटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं गाव कोणतं?" आणि फोन ठेवला.

लेख मी परत मागवला. हा दुसरा आहे.

सरांचं चरित्र मी सांगणार नाही. ते याच ग्रंथात इतरांनी लिहिलं असेल, तारखांसकट. मराठीचे प्राध्यापक, मग कुलगुरू, मग आमदार, एवढा क्रम माझ्या कामाला पुरे. मला सर आठवतात ते खिशापासून. पांढऱ्या शर्टाला एकच खिसा आणि त्यात पेन कधीच नसायचं. दोन खडू असायचे, एक अख्खा, एक अर्धा. सही करायची वेळ आली की सर समोरच्याचं पेन मागायचे. कुलगुरू झाल्यावरही मागायचे. लाखालाखांच्या फायली कारकुनांच्या पेनांनी मंजूर झाल्या. उजव्या हाताचा अंगठा कायम पांढरा. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या, "शर्ट धुऊन धुऊन खिसा गेला, पर खडू काही गेला न्हाई."

पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर एक कविता लिहिली आणि आमचं मत विचारलं. मी पुढच्या बाकावर होतो. रोज सकाळी बदनापूरहून रेल्वेनं यायचं, तर वेळेआधीच पोचायचो, आणि पुढं बसणाऱ्यानं पहिल्यांदा उठावं असं मला वाटायचं. उठलो आणि म्हणालो, "कविता श्रेष्ठ आहे."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात, सर."

"सगळ्यांचं गाव कोणतं?"

वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातला अख्खा खडू काढून माझ्या हातात दिला.

"हे बघा. माझ्या वर्गात ज्याच्या हातात खडू, तो बोलणार. बोलायच्या आधी नाव सांगायचं, गाव सांगायचं, मंग मत. बिगर नावागावाचं मत म्हंजे वावटळ. डोळ्यात माती घालून जाती, आन् कुठून आल्ती म्हणून इचारायची सोय न्हाई."

मी नाव सांगितलं. गाव सांगितलं. मत सुचेना. खडूला घाम सुटला, म्हणजे मला.

"बसा, बदनापूर," सर म्हणाले. "मत तयार झालं की खडू मागून घ्या."

तेव्हापासून मी बदनापूर. गावानंच का, असं एकदा कुणीतरी विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "नावाचा माणूस खोटं बोलून मोकळा होतो. गावाचा माणूस खोटं बोलला तर पंचवीस जण त्याच्या घरी सांगायला जातेत."

त्याच तासाला खडू फिरत फिरत मुलींच्या बाकावर गेला. एक उंच, सडसडीत मुलगी उठली. "सुनंदा वाहुळे. रांजणी."

सर थांबले. "कोणती रांजणी? घनसावंगीजवळची?"

"हो सर."

"एक रांजणी आमच्या घरात हाये. आमच्या मंडळींचं माहेर. तुम्ही कोणाच्या?"

तिनं वडिलांचं नाव सांगितलं आणि मान न झुकवता म्हणाली, "बौद्धवाड्यातल्या."

"आन् ती पाटलाच्या गल्लीतली. एका गावच्या तुम्ही, बघितलं का कधी एकमेकीला?"

"त्यांनी आम्हाला बघितलं नसंल सर. आम्ही बघितलं त्यांना. यात्रेला माहेरी यायच्या तेव्हा. लांबून."

सरांनी अर्धा खडू खिशातून काढला, पाहिला, परत ठेवला. मग म्हणाले, "येत्या रविवारी अकराच्या अकरा जण माझ्या घरी जेवायला. रांजणीनं रांजणीला जवळून बघायला पायजे."

त्या रविवारी काकूंनी पिठलं-भाकरी केली. सुनंदाला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि तासभर दोघी गावातल्या एका चिंचेच्या झाडाबद्दल बोलत बसल्या. झाड एकच, पण एकीनं ते गावाच्या बाजूनं पाहिलेलं, दुसरीनं ओढ्याच्या. त्यानंतर सरांच्या तोंडी काकू 'थोरली रांजणी' आणि सुनंदा 'धाकटी रांजणी' झाल्या. हे मी एवढं बारीक सांगतोय त्याला कारण आहे. त्या दोघींचं एकमेकींशी काडीचं नातं नव्हतं, आणि हे मला त्या दिवसापासून पक्कं माहीत होतं.

सर कुलगुरू झाले तेव्हा आम्ही कॉलेजात फटाके वाजवले. सरांनी विद्यापीठात पहिल्या आठवड्यात दोन कामं केली. कुलगुरूंच्या दालनात फळा लावला. आणि भेटायला येणाऱ्यांच्या चिठ्ठीवर 'नाव' आणि 'काम' यांच्या मध्ये 'गाव' घातलं. बैठकीत मोठमोठे विभागप्रमुख 'भोकरदन, बोला', 'परतूर, जरा थांबा' अशा हाकांनी दचकायचे आणि मग, विशेष म्हणजे, माणसासारखे बोलायला लागायचे.

विद्यापीठात निनावी पत्रं डासांसारखी असतात. आधीचे साहेब ती दार लावून वाचत. सरांनी व्हरांड्यात एक फलक लावला, त्यावर स्वतः खडूनं लिहिलं: 'बेवारस पत्रे. मालकाने ओळख पटवून घेऊन जावीत.' आलेलं प्रत्येक निनावी पत्र तिथं टाचणीनं लागायचं. चहाला जाता-येता लोक वाचायचे, शैलीवर चर्चा करायचे. मालक एकही आला नाही. तीन महिन्यांत पत्रं थांबली. शिपाई म्हणाला, "साहेब, फलक मोकळा पडून राह्यला. काढू का?" सर म्हणाले, "राहू द्या. आठवण म्हणून."

एकदा मुंबईहून कुणाचा तरी फोन आला, मी तेव्हा समोरच बसलो होतो. कुणाला तरी कुठंतरी चिकटवायचं होतं.

"वरून निरोप आहे म्हणता? वर म्हंजे कोणतं गाव?" सर म्हणाले. पलीकडचा माणूस काहीतरी समजावत असावा. सर ऐकत होते, मान डोलवत होते. "बराबर. पर गावच नसंल तर मंग तो निरोप न्हाई, पाऊस हाये. येऊ द्या, आमच्याकडं छत्री हाये."

आता मूळ गोष्टीकडं येतो. येथवर मी जरा रेंगाळलो, ते मला कळतंय.

विद्यापीठाच्या मराठी विभागात प्रपाठकाची एक जागा निघाली. आमच्या अकरांतल्या दोघांनी अर्ज केला, सुनंदाबाईंनी आणि मी. त्या घनसावंगीच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवत होत्या, मी जालन्याला सीनियरला. माझी पीएच.डी. सरांच्या हाताखाली झालेली. सर माझ्या लग्नात दोन तास बसलेले, भटजींना नाव-गाव विचारलेलं. मी बायकोला सांगून टाकलं होतं की आता शहरात घर बघायला लागेल.

मुलाखतीत सरांनी मराठवाड्यातल्या ग्रामीण कादंबरीबद्दल विचारलं. मी सुरुवात केली आणि सुंदर बोललो. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं जमून आलं. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे तर माझं मत झालं," ते म्हणाले. "सोळा वर्षं मी वर्गात हेच सांगून राह्यलो. तुमचं काय हाये?"

"सर, तेच माझं मत."

बाहेरून आलेले एक तज्ज्ञ खोकले. खोकल्याच्या आडून हसले, हे मला व्हरांड्यात आल्यावर समजलं.

माझ्यानंतर सुनंदाबाई आत गेल्या त्या चाळीस मिनिटं. दाराबाहेर आवाज येत होते. बाहेर आल्या तेव्हा कान लाल.

"भांडलात का काय?" मी विचारलं.

"भांडण नाही. सरांचा एक मुद्दा मला पटत नव्हता. ते हटले नाहीत, मी पण नाही."

मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, गेली ही. संध्याकाळी यादी लागली, तिच्यात त्यांचं नाव होतं.

जालन्याच्या बसस्टँडजवळ तेव्हा एक टायपिंगचं दुकान होतं. आठ दिवसांनी मी तिथं गेलो. मजकूर एका पानाचा. त्यात एक वाक्य असं: 'कुलगुरूंच्या सौभाग्यवती व निवड झालेल्या उमेदवार या एकाच गावच्या असून परस्परांच्या आप्तस्वकीय आहेत.' वाक्याचा पहिला अर्धा खरा, दुसरा अर्धा खोटा, आणि मधल्या 'असून'नं दोन्ही असे सांधले होते की जोड दिसू नये. मी ते चार वेळा वाचलं. आता सांगायला हरकत नाही, मला ते आवडलं होतं.

टायपिस्टनं विचारलं, "खाली नाव काय टाकू?"

"राहू द्या."

"मोकळं बरं दिसत न्हाई. 'एक हितचिंतक' टाकू का? सगळे तेच टाकतेत."

"टाका," मी म्हणालो.

पत्र सरांकडं पाठवलं असतं तर फलकावर लागलं असतं. म्हणून थेट मुंबईला, वर. जालन्याचा शिक्का नको म्हणून पॅसेंजरनं परतूरला गेलो, पेटीत टाकलं, स्टेशनसमोर दोन प्लेट भजी खाल्ली आणि परत आलो. भजी मला अजून आठवतात. चांगली होती. तोही एक त्रासच आहे.

वर कुणीतरी ते पत्र फार मनावर घेतलं. नेमणूक थांबली. एका निवृत्त अधिकाऱ्याची चौकशी बसली. आणि मला ज्याचा अंदाज नव्हता ते असं, की सुनंदाबाईंनी घनसावंगीच्या नोकरीचा राजीनामा देऊन टाकलेला. जुनी जागा भरली गेली, नवी मिळेना. चौदा महिने त्यांनी जालन्यात एका पत्र्याच्या खोलीत दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या.

मी त्यांना धीर द्यायला गेलो. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, परवा सांगितलं. गेलो, त्यांनी केलेले पोहे खाल्ले, आणि म्हणालो, "कोण असेल हो एवढा नीच?"

त्या पत्राची प्रत चौकशीवाल्यांनी त्यांना दिलेली. ती पुढ्यात घेऊन त्या म्हणाल्या, "कोण ते माहीत नाही. पण मराठी चांगलं आहे बरं का त्याचं. 'आप्तस्वकीय' आजकाल कोण लिहितं? आणि हे 'असून' बघा, किती बेमालूम."

पोह्याचा घास तोंडात असताना मला क्षणभर, अगदी क्षणभर, कौतुक झाल्यासारखं वाटलं. माणूस किती खाली जाऊ शकतो याचा माझ्याकडं एवढाच पुरावा आहे, पण पक्का आहे.

चौकशी अधिकारी थर्मास घेऊन फिरणारे सज्जन गृहस्थ होते. त्यांना रांजणीला जाऊन खातरजमा करायची होती. वाट दाखवायला कुणीतरी हवं होतं. सरांनी मला बोलावलं.

"बदनापूर, साहेबांना रांजणी दाखवून आणा. तुमच्याइतकं बारीक माहीत असणारा दुसरा कोण हाये?"

मी सरांच्या तोंडाकडं पाहिलं. ते फळा पुसत होते.

जीपनं घनसावंगीवरून रांजणीला गेलो. मारुतीच्या पारावर एक म्हातारे बसले होते. अधिकाऱ्यांनी दोन घरांची नावं सांगितली आणि विचारलं, "यांचं एकमेकांशी काही नातं आहे का?"

म्हाताऱ्यांनी दोन्ही नावं पुन्हा म्हणून घेतली. एक हाताच्या या बोटावर, दुसरं त्या बोटावर. मग म्हणाले, "न्हाई साहेब."

"नक्की? नीट आठवा. लांबचं?"

"लांबचं बी न्हाई, जवळचं बी न्हाई. व्हायला पायजे होतं, आजून झालं न्हाई. तुमच्या कागदात झालं असंल तर वाचून दावा, गावाला बी कळू द्या."

पारावरचे सगळे हसले. अधिकारी लिहीत होते. मीही हसलो, सगळ्यांच्या नंतर.

तिथून बौद्धवाड्यात सुनंदाबाईंच्या वडिलांकडं गेलो. त्यांनी साहेबांना खुर्ची दिली, मला जवळ बाजेवर बसवलं. "तुम्ही बदनापूर ना? पोरगी सांगती तुमचं. तिच्यासाठी लई धावपळ करून राह्यले म्हणं." चहा कडकडीत होता. मी एका घोटात संपवला. जीभ दोन दिवस पोळलेली होती.

सरांनी आपला लेखी जबाब दिला, तो मी नंतर फाइलीत पाहिला. अवघी दोन वाक्यं: 'माझी पत्नी व सदर उमेदवार एकाच गावच्या असूनही त्यांना आजवर एका विहिरीवर पाणी भरता आलेले नाही. चौकशी करावयाची झाल्यास याची करावी.' कुणाच्या तरी पेनानं सही. आणि सहीखाली गाव.

अहवाल स्वच्छ आला. सुनंदाबाई रुजू झाल्या. पण त्या चौदा महिन्यांत सरांचं नाव दुसऱ्या एका मोठ्या विद्यापीठासाठी चाललं होतं, ते गळून पडलं. का, ते कुणी सांगितलं नाही. वर गाव नसतं.

मुदत संपवून सर जालन्याला परत आले, तेव्हा एका पक्षाचे लोक दारात हजर. पदवीधरांच्या मतदारसंघातून उभं राहा म्हणाले. काकूंनी सांगितलं, "या वयात कशाला नसता ताप." सर म्हणाले, "अगं, वर्ग मोठा मिळून राह्यला. काहून न्हाई म्हणू?"

मी बिनपगारी रजा काढली. पत्रकं मी लिहिली, माइक मी धरला, गाड्या मी सांगितल्या. लोक म्हणायचे, शिष्य असावा तर असा. ते ऐकलं की मी आणखी दोन गावं वाढवायचो.

सरांचा प्रचार म्हणजे कार्यकर्त्यांच्या डोक्याला ताप. घनसावंगीची सभा अर्ध्या तासाची ठरलेली. सरांनी दहा मिनिटं बोलून खिशातला खडू काढला आणि समोरच्या गर्दीत दिला. "आता तुम्ही बोला. नाव, गाव, मंग मत." खडू अडीच तास फिरला. कोणी शाळेच्या छपराचं बोललं, कोणी बसचं, एकानं नाव-गाव सांगून सरांच्या पक्षालाच शिव्या घातल्या, त्याला सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. अंबडचे लोक तिकडं वाट पाहून घरी गेले.

"सर, आठ जिल्हे आहेत," मी जीपमध्ये म्हणालो. "असं कसं जमायचं?"

"भाषण केलं असतं तर लोकांनी मला ऐकलं असतं, बदनापूर. आता मी लोकांना ऐकलं. यात कोणाचा फायदा जास्ती झाला?"

अंकुशनगरला साखर कारखान्याजवळच्या एका हॉलमध्ये सभा होती. केमिस्ट, क्लार्क, शिक्षक, बरीच शिकलेली मंडळी. खडू एका तरुणाकडं गेला. तो उठला, खणखणीत आवाजात नाव सांगितलं, गाव अंबड सांगितलं. "मत न्हाई सर, सवाल हाये. तुमच्यावर चौकशी झाल्ती म्हणं. कशापायी?"

पुढच्या रांगेतले कार्यकर्ते त्या पोराकडं वळून बघायला लागले. माइक माझ्या हातात.

सरांचा चेहरा असा उजळला की जणू परीक्षेत अवघड प्रश्नाला बरोबर उत्तर आलंय. "बघा. याला म्हणायचं पदवीधर. नाव सांगितलं, गाव सांगितलं, तोंडावर इचारलं. हो, झाल्ती चौकशी. निघालं काही न्हाई. पर ज्यानं अर्ज केल्ता ना, त्यानं खाली नाव टाकलं असतं तर मीच त्याला चहा पाजला असता आन् चौकशी पण मीच लावली असती. अर्ज खोटा होता. भाषा मात्र चांगली होती. माझ्याच हाताखाली शिकलेला असणार. तेवढा दोष माझ्याकडं लावा."

हॉल हसून हसून लोळला. सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. माइक जवळ घेण्यासाठी हात पुढं केला, तो माइकसकट माझ्या मनगटावर पडला.

"हात काहून हालून राह्यला, बदनापूर?" हे माइकमधून सगळ्यांनी ऐकलं.

"माइक जड आहे, सर."

"असंल, असंल," सर म्हणाले, आणि उरलेल्या सभेत माइक स्वतः धरून बसले.

सर निवडून आले. सभागृहातही सवय गेली नाही. कुणी सदस्य 'जनतेची अशी मागणी आहे' म्हणून उभा राहिला की सर बसल्या जागेवरून विचारायचे, "जनतेचं गाव?" सभापतींनी दोनदा समज दिली. एकदा मुलींच्या वसतिगृहाबद्दल बोलायला वेळ मिळाला, तर सरांनी भाषण केलंच नाही. ज्यांनी मागणी केली त्या पन्नासेक मुलींची नावं आणि गावं वाचून दाखवली आणि बसले. ती नावं कामकाजात छापली गेली. घनसावंगीकडचे एक वडील ते पान अजून पाकिटात ठेवतात, मुलीला आता दोन मुलं आहेत तरी.

दुसऱ्यांदा तिकीट मिळालं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "यंदा वर पाऊसच न्हाई पडला." दारावर पाटी होती, 'माजी कुलगुरू, माजी आमदार'. तिच्याखाली सरांनी खडूनं लिहिलं, 'मास्तर, चालू'. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "चालू तर पहिल्यापासूनच हायेत."

त्या घरी मी दर पंधरा दिवसांनी जायचो. सांगायचं ठरवून जायचो आणि मोसंबीच्या भावावर बोलून परत यायचो. सर मधूनच वर बघून म्हणायचे, "आणखी काही?" मी म्हणायचो, "नाही सर." असं किती वर्षं चाललं ते मोजायला मी धजत नाही.

सर गेले त्या दिवशी खांदा द्यायला मी होतो. पण ते माझं शेवटचं दर्शन मी धरत नाही. शेवटचं त्याआधी दोन महिने, बदनापूरच्या स्टेशनात.

काकूंचा फोन आला की सरांना डोळे दाखवायला पॅसेंजरनं नेतेय, गाडी तुमच्या गावावरूनच जाते, तोंड दाखवून जा. मी मोसंब्यांची पिशवी घेऊन फलाटावर उभा. गाडी थांबली. सर खिडकीतच होते. शर्ट तोच, खिसा तोच. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं.

"कोण हाये?"

"सर, मी."

"मी म्हंजे? नाव? गाव?"

"बदनापूर, सर."

"बदनापूर तर समोरच्या पाटीवर बी लिहिलेलं असंल. नाव?"

पहिल्या तासानंतर सरांनी मला नाव कधी विचारलं नव्हतं. मी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

"हं," सर म्हणाले. "आन् मत?"

काकू मोसंब्यांची पिशवी आत ओढून घेत होत्या. पुढं सिग्नल पडलेला. वाक्य माझ्याकडं तयार होतं, कित्येक वर्षं तयार होतं, चार वेळा नाही, चारशे वेळा वाचलेलं.

"मत काही नाही, सर. तब्येतीला जपा."

"हे तर सगळेच म्हणतेत," सर म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. ते माझ्यासाठी ठेवलं.

गाडीनं भोंगा दिला. सरांनी खिसा चाचपला, अख्खा खडू काढला आणि खिडकीच्या गजांमधून हात बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"बोलायला जमत नसंल तर लिहा. टाइप नका करू. आन् खाली नाव टाका."

गाडी हलली. मी खिडकीबरोबर चार पावलं चाललो. काकू काहीतरी सांगत होत्या, ते ऐकू आलं नाही. सरांनी मान आत वळवली होती, हात मात्र गजावर तसाच होता. डबा फलाटाच्या टोकाला जाईपर्यंत मला तो पांढरा अंगठा दिसत होता.

सुनंदाबाई, हा लेख मी हातानं लिहिलाय. टंकलेखनाला देण्याआधी तुम्ही वाचा. ते 'आप्तस्वकीय' माझं. ते 'असून' माझं. ते चौदा महिने मी तुम्हाला परत देऊ शकत नाही, आणि तुमच्या वडिलांचा तो चहाही मी फेडू शकत नाही. क्षमा मागतोय, ती द्यायची सक्ती नाही. लेख छापायचा की नाही, तुम्ही ठरवा. छापला तर हवा तिथून कापा, फक्त शेवटच्या तीन ओळी राहू द्या. त्या सरांनी मागितल्या होत्या.

नाव: प्रभाकर किसनराव जऱ्हाड.

गाव: बदनापूर.

मत: रांजणीची निवड बराबर होती.